पत्ता असलेली वाक्ये

सकाळी मोबाइल हातात घेतला, की उगवत्या सूर्याच्या चित्राबरोबर एखादा सुविचार येऊन पडलेला असतो. पूर्वी तो शाळेच्या फळ्यावर असायचा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असायचा. आता तो थेट खिशात येतो. कधी मैत्रीवर, कधी कलेवर, तर कधी एकूण आयुष्यावर. खाली एखाद्या थोर माणसाचे नाव असते. मिर्झा गालिबच्या नावावर तर इतके शेर फिरत असतात, की त्यातले कितीतरी त्याच्या दिवाणात शोधून सापडत नाहीत. गालिब, रिल्के, व्हॅन गॉग ही नावे आता एखाद्या शिक्क्यासारखी वापरली जातात. वाक्य कोणतेही असो, शिक्का मारला की ते खपते.

या सुविचारांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यामागची भूक खरी आहे. मोठ्या माणसांना आयुष्य कसे दिसले, हे आपल्याला जाणून घ्यायचे असते. अडचण एवढीच आहे, की ही वाक्ये आपल्यापर्यंत पत्ता फाडून पोचतात. वाक्य कोणी म्हटले हे सांगितले जाते. ते कोणाला म्हटले, कोणत्या दिवशी आणि कोणत्या गरजेपोटी म्हटले, हे कोणी सांगत नाही. आणि कला, मैत्री, आयुष्य यांविषयी मोठ्या कलावंतांनी जे मोलाचे सांगून ठेवले आहे, त्यातले बरेचसे त्यांनी कुण्या एका माणसाला, पत्रातून सांगितलेले आहे. ज्याला लिहिले त्या मित्राला त्यातून वजा केले, तर हाती अर्धेच वाक्य उरते. आज मला अशा काही पत्रांविषयी बोलायचे आहे.

सुरुवात गालिबपासूनच करू. मराठी माणसाला गालिब परका नाही. सेतुमाधवराव पगडींनी तो मराठीत आणला. १९८८ मध्ये गुलजार यांची दूरदर्शन मालिका आली आणि नसीरुद्दीन शाहच्या चेहऱ्याने, जगजित सिंगच्या आवाजाने तो घराघरात पोचला. पण हा सगळा गझलेतला गालिब. पत्रातला गालिब आपल्याकडे त्या मानाने कमी वाचला गेला. उर्दूत मात्र असे मानतात, की गझल लिहिली नसती तरी केवळ पत्रांच्या बळावर त्याचे नाव राहिले असते. आधुनिक उर्दू गद्याची वाट त्या पत्रांनी मोकळी केली.

त्या काळी सुशिक्षित माणूस पत्र फारसीत लिही. सुरुवातीला लांबलचक बिरुदे, मग प्रकृतीची विचारपूस, मग अलंकारांची आतषबाजी, आणि मुद्दा कुठेतरी शेवटी. गालिबनेही आधी अशी पत्रे लिहिली. १८५० च्या सुमाराला तो उर्दूत पत्रे लिहू लागला आणि त्याने बिरुदांची झूल उतरवून ठेवली. ‘मियाँ’, ‘भाई’ अशी हाक मारायची आणि सरळ बोलायला सुरुवात करायची. कधी नाटकातल्यासारखे संवादच लिहायचे, म्हणजे पत्र वाचणाऱ्याला वाटावे, की मिर्झासाहेब समोर बसून हुक्का ओढत बोलताहेत. पत्राचे आपण संभाषण केले, असे त्याने स्वतःच एका पत्रात अभिमानाने म्हटले आहे. टपालाची व्यवस्थाही नेमकी याच सुमाराला सुधारली. ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते हिंदुस्थानात कुठेही जावो, अर्धा आण्याचे तिकीट पुरू लागले. दूरच्या मित्राशी रोज बोलणे साध्या माणसाच्या आवाक्यात आले.

त्याच्या अशा मित्रांमध्ये मुन्शी हरगोपाल तफ्ता हे एक होते. सिकंदराबादचे, म्हणजे दिल्लीजवळच्या बुलंदशहराकडच्या सिकंदराबादचे राहणारे. फारसीत कविता करायचे आणि भरपूर करायचे. गालिब त्यांना प्रेमाने ‘मिर्झा तफ्ता’ म्हणायचा. तफ्ता शिष्य म्हणून आले आणि मित्र होऊन राहिले. त्यांना लिहिलेली शंभरावर पत्रे आज उपलब्ध आहेत.

या पत्रांत काय आहे? पहिल्यांदा वाचणाऱ्याचा थोडा विरस होण्याची शक्यता आहे, कारण त्यांत तत्त्वज्ञान शोधावे लागते. अमुक शब्द या अर्थाने फारसीत चालत नाही. तमुक ओळीत वजन ढळले आहे. तुमची कवितांची वही मिळाली, दुरुस्त करून परत पाठवतो. शिष्याने पाठवलेले पैसे मिळाले, त्यातले कशाला किती गेले त्याचा हिशेब. घराचे छप्पर गळते आहे. रमजान आहे आणि उपवास कसा चालला आहे, तर एखादा घोट पाणी पिऊन आणि एखादा झुरका मारून उपवासाची समजूत घालणे चालले आहे. असे सगळे.

उर्दूत कविता दुरुस्त करण्याला ‘इस्लाह’ म्हणतात. शिष्याने ओळ पाठवायची, उस्तादाने एखादा शब्द बदलून ती परत पाठवायची. बाहेरून पाहिले तर हे गुरुजींनी वही तपासण्यासारखे वाटते. पण त्यात आणखी एक गोष्ट असते. दुसऱ्याच्या ओळीतला एक शब्द बदलायचा तर ती ओळ आधी आपली म्हणून म्हणून पाहावी लागते. दुसऱ्याच्या श्वासाने श्वास घ्यावा लागतो. मैत्रीची याहून नेमकी व्याख्या मला तरी सुचत नाही. आणि हे एकतर्फीही नव्हते. १८५८ मध्ये गालिबचे ‘दस्तंबू’ हे फारसी पुस्तक आग्र्याला छापले गेले, तेव्हा त्याची देखभाल तफ्ता आणि इतर मित्रांनीच केली. अरबी शब्द टाळून निव्वळ जुन्या फारसीत लिहायचे, अशी या पुस्तकाची प्रतिज्ञा होती. छपाई सुरू झाल्यावर गालिबच्या लक्षात आले, की एक अरबी शब्द आत राहून गेला आहे. त्याने घाईघाईने आग्र्याला पत्र पाठवले, की तो शब्द काढा आणि त्या जागी हा घाला. आयुष्यभर इतरांचे शब्द बदलून देणारा उस्ताद आपला एक शब्द मित्रांच्या हाती सोपवून निर्धास्त होतो.

आता या पत्रांच्या तारखा पाहा. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. त्यानंतर शहरातल्या लोकांना, विशेषतः मुसलमानांना, शहराबाहेर काढले गेले आणि पुढे कितीतरी दिवस परवान्याशिवाय आत येता येईना. गालिबच्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या आश्रयातले हकीम राहत होते. महाराजांनी तिथे पहारा ठेवला, म्हणून ती गल्ली वाचली. त्याच ऑक्टोबरात त्याचा धाकटा भाऊ यूसुफ वारला. पेन्शन बंद झाले ते १८६० पर्यंत. घरातले कपडेलत्ते विकून दिवस काढावे लागले. ज्यांच्यासाठी गझल लिहायची ते कुणी मारले गेले, कुणी परागंदा झाले. त्याचा शिष्य मीर मेहदी मजरूह पानिपतला जाऊन राहिला होता. कुठला बाजार पाडला, कुठल्या विहिरीचे पाणी खारट झाले, हे गालिब त्याला कळवत राहिला. गझलेत न मावणारी दिल्ली या पत्रांत आहे.

अशा दिवसांत गालिब मित्रांना लिहितो, की मी या एकांतात पत्रांच्या आधाराने जगतो आहे. ज्याचे पत्र आले तो माणूसच आला, असे मी समजतो. आता हेच वाक्य सूर्योदयाच्या चित्राखाली छापून पाहा. गोड वाटेल, पण तेवढेच. भोवती ओस पडलेली गल्ली, सकाळच्या टपालाची वाट पाहणारा साठीचा म्हातारा, आणि दूर सिकंदराबादेत त्याच्यासाठी लेखणी उचलणारे मुन्शीजी, हे तिघे मिळून ते वाक्य पुरे होते. पुढे त्याला ऐकू येणे कमी होत गेले. घरी आलेले लोक कागदावर लिहून त्याच्याशी बोलू लागले. म्हणजे शेवटी समोरच्या माणसाशी बोलणेही पत्रासारखेच झाले.

तफ्तांनाच लिहिलेल्या एका पत्रात गालिबने म्हटले आहे, की मुसलमान असो, हिंदू असो वा ख्रिस्ती, मी साऱ्या माणसांना आपले मानतो, भाऊ समजतो, मग कोणी ते मानो वा न मानो. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. त्यामुळे ऐक्याच्या कार्यक्रमांची निमंत्रणे मला वर्षातून चार-दोन वेळा तरी येतात. तिथे व्यासपीठावरून हे वाक्य हमखास ऐकायला मिळते, टाळ्याही पडतात. मला टाळ्यांची तक्रार नाही. पण व्यासपीठावर ते ‘दोन समाजां’विषयीचे वाक्य होऊन जाते, आणि मुळात ते तसे नव्हते. शंभर पत्रांत एकमेकांच्या ओळींचे वजन मोजलेल्या दोन माणसांमधले ते बोलणे होते. हरगोपाल आणि असदुल्ला हे एका फारसी शब्दावर वाद घालणारे दोन मित्र होते. आपापल्या समाजांचे प्रतिनिधी म्हणून ते बसले नव्हते. ऐक्याचे वाक्य त्या वादानंतर आले म्हणून ते खरे वाटते. आधी वाक्य आणि मग मैत्री, असा क्रम मी कुठे यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

गालिब ओळ दुरुस्त करून पाठवायचा. आता अगदी उलट वागलेल्या एका कवीकडे वळू. रायनर मारिया रिल्के हा जर्मन भाषेतला मोठा कवी. १९०३ च्या फेब्रुवारीत तो पॅरिसमध्ये होता, वय अवघे सत्तावीस. रोदाँ या शिल्पकारावर तो लिहीत होता. त्याला फ्रान्झ काप्पुस नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे पत्र आले. मुलगा ऑस्ट्रियातल्या लष्करी शाळेत शिकत होता आणि कविता लिहीत होता. कधीकाळी रिल्केही अशाच लष्करी शाळेत कुढत राहिला होता, हे त्याला एका शिक्षकाकडून कळले होते. त्याने आपल्या कविता पाठवल्या आणि विचारले, या कशा आहेत?

रिल्केने एकही ओळ दुरुस्त केली नाही. कवितांना अजून स्वतःचा आवाज नाही, एवढे त्याने सांगितले आणि मुलालाच प्रश्न परत केला. लिहिले नाही तर मी जगू शकेन का, हे रात्रीच्या अगदी शांत वेळी स्वतःला विचार, असे त्याचे म्हणणे. पुढे १९०८ पर्यंत अधूनमधून त्याने एकूण दहा पत्रे लिहिली. एकटेपणाविषयी, प्रेमाविषयी, धीराने वाट पाहण्याविषयी. आज जगभरच्या सुविचारांच्या वह्यांत या दहा पत्रांतली वाक्ये असतात.

पण त्यांचाही पत्ता वाचायला हवा. सैन्याच्या गणवेशात अडकलेल्या, नोकरी सोडावी की कविता या पेचात सापडलेल्या एका मुलाला ते लिहिले आहे. हा धीर त्या मुलाच्या मापाने शिवलेला आहे. आणि त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सुविचारांच्या वह्या सांगत नाहीत. काप्पुस मोठा कवी झाला नाही. तो सैन्यात अधिकारी झाला, पुढे पत्रकार झाला, लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. मग रिल्केची पत्रे वाया गेली का? मला तसे वाटत नाही. एका मुलाला त्याच्या अवघड वर्षांत कोणीतरी गंभीरपणे घेतले, ही गोष्ट कवी होण्यावर अवलंबून नसते. शिवाय काप्पुसने ती पत्रे जपली आणि रिल्केच्या मृत्यूनंतर, १९२९ मध्ये, पुस्तकरूपाने छापली. त्यात स्वतःची पत्रे घातली नाहीत. मोठा माणूस बोलत असताना आपण गप्प राहावे, अशी त्याची भावना होती. त्याची बाजू जर्मन वाचकांना मिळायला २०१९ साल उजाडले.

तिसरी गोष्ट व्हिन्सेंट व्हॅन गॉगची. तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, चित्रकार व्हायचे ठरवतो आणि १८९० मध्ये जातो. सगळा कारभार दहा वर्षांचा. या दहा वर्षांत त्याला पोसले ते धाकट्या भावाने, थिओने. थिओ पॅरिसमध्ये चित्रांच्या एका मोठ्या पेढीवर नोकरीला होता. दरमहा पैसे पाठवायचा, रंग पाठवायचा, कॅनव्हास पाठवायचा. व्हिन्सेंटची आज आठशेवर पत्रे आहेत, त्यातली साडेसहाशेच्या वर थिओला लिहिलेली. नाते भावाचे, पण पत्रे वाचली की ती मैत्रीची वाटतात. सख्ख्या भावाशी इतके बोलणारे भाऊ मी तरी फार पाहिलेले नाहीत.

इथेही पिवळ्या रंगाविषयीचे चिंतन आणि रंगाच्या नळ्यांचे भाव एकाच पानावर असतात. मागच्या पैशातून भाडे दिले, चार दिवस नुसत्या पाव-कॉफीवर काढले, आणि सूर्यास्ताच्या वेळी शेत असे दिसत होते. मध्येच पेनाने काढलेले छोटे चित्र. आता हे चित्र करतो आहे, ते असे दिसेल. घेतलेल्या पैशांचे त्याच्या मनावर ओझे होते. म्हणून तो थिओला सांगायचा, की ही चित्रे जेवढी माझी तेवढीच तुझी, आपण दोघांनी मिळून केलेली. कर्जदाराने स्वतःची समजूत घालावी तसे हे सुरुवातीला वाटते. पण सगळी पत्रे वाचल्यावर पटते, की तो अक्षरशः खरे बोलत होता.

आपण ज्यांना व्हॅन गॉगची सूर्यफुले म्हणतो, त्यांनाही एक पत्ता आहे. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात त्याने पिवळ्या रंगाचे एक घर भाड्याने घेतले. चित्रकारांनी एकत्र राहावे, एकमेकांना मदत करावी, असे त्याचे स्वप्न होते. त्या स्वप्नापोटी त्याने बारा खुर्च्या विकत घेतल्या. गोगँ हा चित्रकार तिथे राहायला येणार होता, म्हणून त्याच्या खोलीच्या भिंतीवर लावायला ऑगस्टमध्ये सूर्यफुले रंगवायला घेतली. पाहुणा यायचा म्हणून आपण दाराला तोरण बांधतो, तसली ती फुले होती. गोगँ ऑक्टोबरात आला. दोन महिन्यांत दोघांचे बिनसले, डिसेंबरात व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला आणि गोगँ निघून गेला. बारा खुर्च्या भरल्या नाहीत. मैत्री मोडली, तोरण राहिले. मैत्रीवरचा कोणताही सुविचार ही शक्यता सांगत नाही, की मैत्री टिकली नाही तरी तिच्यासाठी केलेले काम टिकते.

२९ जुलै १८९० रोजी व्हिन्सेंट गेला. त्याच्या खिशात एक पत्र सापडले, थिओला लिहिलेले आणि टपालात न टाकलेले. सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये, थिओही गेला. थिओने भावाची पत्रे कपाटात जपून ठेवली होती. व्हिन्सेंटने मात्र आलेल्या पत्रांपैकी फारच थोडी ठेवली. त्यामुळे थिओची चाळीसेकच पत्रे उरली आहेत. ज्याने ऐकले त्याचा आवाज आपल्याला जवळजवळ ऐकू येत नाही. पत्रे प्रसिद्ध केली ती थिओची विधवा योहाना हिने. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत नवरा गेलेला, पदरात तान्हे मूल, घरभर कोणी विकत न घेणारी चित्रे आणि कपाटात पत्रांची चळत. तिने वर्षानुवर्षे बसून ती तारीखवार लावली आणि १९१४ मध्ये तीन खंडांत छापली. त्याच वर्षी थिओच्या अस्थी तिने ओव्हेरला व्हिन्सेंटशेजारी नेल्या. व्हिन्सेंट जगाला कळला, त्यात या बाईच्या बैठकीचा वाटा मोठा आहे.

आता घरी येऊ. मराठीतले आपले उदाहरण म्हणजे जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. सभा-संमेलने टाळणारे, भाषणाला न जाणारे, माणसांच्या गर्दीपासून चार हात लांब राहणारे. १९८७ मध्ये ते गेले तेव्हा पुष्कळ वाचकांच्या मनात काळ्या चष्म्यामागचा एक गूढ माणूस एवढीच प्रतिमा होती. मग मौज प्रकाशनाने त्यांची निवडक पत्रे चार खंडांत काढली आणि लोक चकित झाले. हा माणूस तर भरभरून बोलणारा! पुस्तकांविषयी, चित्रांविषयी, सिनेमाविषयी, झाडांविषयी. कथांमध्ये नियती मानगुटीवर बसलेली, आणि पत्रांत मिश्कील विनोद.

यातला पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंची जी.एं.ना लिहिलेली पत्रेही २००३ मध्ये ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली. म्हणजे रिल्के आणि व्हिन्सेंट यांच्या बाबतीत जे भाग्य वाचकांना सहज लाभले नाही, ते मराठी वाचकाला लाभले. दोन्ही बाजूंची पत्रे आपल्याला वाचता येतात. ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकाने पुस्तकाचा विषय काढला, की दुसरा त्यात भर घालतो. मतभेद होतात, ते सांगितले जातात. सुनीताबाई हो ला हो म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि जी.एं.ना तसा वाचक नकोच होता. माणसांना टाळणारा हा लेखक माणसाचा भुकेला होता, हे कथांमधून आपल्याला कळले नसते. त्याला गर्दी नको होती. त्याला एक वेळी एक माणूस हवे होते.

ही चारही उदाहरणे समोर ठेवली, की मैत्री कलेत नेमके काय काम करते, हे थोडे स्पष्ट होते. एक तर मित्र ऐकतो. हजार लोकांसमोर बोलताना माणूस नकळत आवाज चढवतो. एका माणसाशी बोलताना थाप मारता येत नाही, कारण तो आपल्याला ओळखून असतो. दुसरे, मित्र कलावंताला जमिनीवर ठेवतो. भाड्याचा, औषधाचा, कागदाचा हिशेब जिथे सांगता येतो, तिथे कलेविषयी बोलताना मोठेपणाचा आव आणता येत नाही. आणि तिसरे म्हणजे मित्र जपतो. तफ्ता, काप्पुस, थिओ आणि योहाना, सुनीताबाई. यांनी कागद टाकून दिले असते, तर आपल्या हाती काय उरले असते?

इथे एक अवघड प्रश्न येतो. एकाला लिहिलेले सगळ्यांनी वाचावे का? तफ्ता आणि आग्र्याचे मुन्शी शिवनारायण यांनी १८५८ मध्ये पत्रे छापायची कल्पना काढली, तेव्हा गालिबने साफ नकार दिला होता. आपसातले बोलणे चव्हाट्यावर कशाला, आणि ही सहज खरडलेली पत्रे माझ्या कवितेच्या लौकिकाला शोभणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. पुढे तो हळूहळू नरमला. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पहिला संग्रह १८६८ मध्ये त्याच्या हयातीत निघाला. दुसरा ‘उर्दू-ए-मुअल्ला’ १८६९ च्या मार्चमध्ये आला, तेव्हा त्याला जाऊन महिनाही उलटला नव्हता. मला वाटते, त्याचा पहिला नकार वाचकाने लक्षात ठेवावा. आपण दुसऱ्याच्या नावाचे पाकीट उघडून वाचतो आहोत, ही जाणीव असली की वाचण्यात अदब येते. आणि मग त्यातले एखादे वाक्य कापून भिंतीवर चिकटवताना हात थोडा थबकतो.

तार तर २०१३ च्या जुलैत बंदच झाली. पत्रेही आता फारशी कोणी लिहीत नाही. याबद्दल उसासे टाकायला मला आवडत नाही. गालिब आज असता, तर त्याने मोबाइल सोडला नसता. अर्धा आण्याच्या तिकिटाचे ज्याला अप्रूप होते, त्याला फुकटचा निरोप किती आवडला असता! साधन कोणते, याने फार बिघडत नाही. बिघडते ते एकच निरोप दोनशे जणांना एकदम पाठवण्याने. तो सगळ्यांना मिळतो, पण कोणालाही येत नाही.

म्हणून मी दोन साध्या गोष्टी सुचवीन. पुढच्या वेळी एखाद्या थोर माणसाचे वाक्य आले, तर विचारून पाहा, हे त्याने कोणाला म्हटले होते? उत्तर मिळाले तर त्या वाक्यामागे एक अख्खा माणूस, बऱ्याचदा दोन माणसे भेटतील. नाहीच मिळाले, तर ते वाक्य बहुधा त्याचे नसेल. आणि दुसरे असे, की आपल्याला एखादे पुस्तक आवडले, एखादे गाणे आतवर गेले, एखादा दिवस जड गेला, तर ते एका माणसाला सांगावे. त्याच्या नावाने हाक मारून, त्याच्याच मापाने. मग त्याच्या उत्तराची वाट पाहावी. उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल. ते आले, की तो माणूसच आला असे समजावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)